पाच नंबरच्या गाडीचा वॉल्व्ह

माझी बदली जालन्याच्या छावणीत झाल्याचा हुकूम आला तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. युद्धाची शेवटची वर्षं होती. माझ्याबरोबर ट्रेनिंग घेतलेले लोक ब्रह्मदेशाच्या सीमेवर निघाले होते आणि मला मात्र घराजवळ पाठवलं जात होतं. माझं गाव वडीगोद्री, तालुका अंबड, म्हणजे तेव्हाची मोगलाई. आईला कळलं तेव्हा तिनं देवाला नारळ फोडला. मी जालना स्टेशनवर उतरलो तो तोंड पाडूनच.

माझी रँक नाईक, काम वर्कशॉपचं. गावातले लोक अजून विचारतात, लढाईत काय केलं? मी खरं तेच सांगतो. मी हवेच्या टाक्यांना प्रेशर स्विच आणि सेफ्टी वॉल्व्ह निवडून बसवले. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पोरं तर उठूनच जातात. जे बसून राहतात त्यांच्यासाठी पुढचं सांगतो.

आमच्या युनिटकडे आठ लॉऱ्या होत्या. सडकेच्या कडेनं लष्कराचे मुक्कामाचे कॅम्प व्हायचे होते आणि प्रत्येक कॅम्पाला विहीर हवी होती. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली काळा खडक. तो हातानं फोडायचा तर वर्ष जातं. म्हणून हवेवर चालणारी ड्रिल. ती हवा पुरवणारा सगळा संसार लॉरीच्या पाठीवर: लॉरीच्या इंजिनावर फिरणारा डायनॅमो, त्याच्या विजेवर मोटर, कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी. तयार सेट मागितले होते, ते आलेच नाहीत. डेपोतून लाकडी खोक्यांत सुटे भाग आले आणि जोडणी तुम्हीच करा असा निरोप आला.

आता टाकीचं गणित सांगतो. अवघड काही नाही. टाकीत हवा भरत जाते. दाब शंभर पौंडांवर गेला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. ऐंशीवर उतरला की पुन्हा चालू करतो. समजा स्विच बिघडला आणि मोटर थांबलीच नाही, तर एकशे पंधराला सेफ्टी वॉल्व्ह उघडतो आणि जादा हवा बाहेर सोडून देतो. स्विच दिवसभर राबतो. वॉल्व्हला महिनोन्‌महिने काम नसतं आणि ज्या दिवशी पडतं त्या दिवशी त्यानं चुकून चालत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाचंही तसंच असतं. गाड्या सांभाळणाऱ्या अटेंडंट लोकांच्या क्लासात मी हेच सांगत असे, कारण शिपायाला पहारा लगेच समजतो.

खोक्यांत निरनिराळ्या कारखान्यांचे स्विच होते. काही चाकांत हवा भरायच्या लहान पंपांसाठी केलेले. आमच्या मोटरचा करंट त्यांना झेपला नसता, ते बाजूला काढले. उरलेले एकेक करून बाकावर हातपंपाला जोडले आणि किती पौंडांवर वीज तोडतात, किती पौंडांवर जोडतात ते पाहिलं. पहिल्या गाडीवर स्विच थेट कॉम्प्रेसरवर बसवला होता. कॉम्प्रेसरच्या हादऱ्यानं त्याचे कॉन्टॅक्ट थरथरून काळे पडले. मग आम्ही तो तिथून काढला, लॉरीच्या बॉडीवर जुन्या टायरच्या तुकड्यावर बसवला आणि टाकीपासून त्याच्यापर्यंत तांब्याची बारीक नळी नेली.

ड्रिलवाल्यांची कुरकुर वेगळीच होती. ऐंशीपर्यंत दाब उतरू देता, तोवर ड्रिलचा जोर कमी होतो, म्हणून नव्वदलाच मोटर चालू करा. मी ऐकलं नाही. अंतर कमी केलं की स्विच सारखा चालू-बंद होतो आणि कॉन्टॅक्ट लवकर जळतात. माझं नाव त्यांनी काय ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही.

वॉल्व्हचं काम हवालदार करीम खान आणि मी मिळून केलं. करीम खान जालन्याचाच. भरती होण्याआधी तो इथल्या कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये बॉयलरवर होता. माझ्यापेक्षा वयानं मोठा, बोलणं दख्खनी, आवाज असा की वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला स्पॅनर खाली पडायचा. एखादा वॉल्व्ह योग्य पौंडांवर उघडला म्हणून आम्ही तो पास करत नव्हतो. स्विच मुद्दाम जोडून ठेवायचा, कॉम्प्रेसर पूर्ण वेगानं चालवायचा आणि दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. वॉल्व्ह उघडल्यावर काटा जागेवर थांबला तर वॉल्व्ह कामाचा. वॉल्व्ह उघडा आणि काटा तरी वर सरकतोय, तर त्याचं तोंड कॉम्प्रेसरच्या मानानं लहान आहे. असे बरेच निघाले. दिसायला सुंदर, पितळेचे, चकचकीत. आम्ही ते परत खोक्यात टाकले.

शेवटी दोन जातींचे वॉल्व्ह उरले. एकाच्या डोक्यावर कडी होती. कडी ओढली की वॉल्व्ह हातानं उघडतो, फुस्स करून हवा जाते, आणि तो अडकलेला नाही हे कळतं. दुसरा सीलबंद. वर टोपी, टोपीला शिशाचं सील, कडेनं हवा जायला भोकं. त्याला हात लावायला जागाच नाही.

मला सगळ्या गाड्यांना कडीवाले हवे होते. करीम खानला सगळीकडे सीलबंद हवे होते.

"नाईक, तू सिपाही लोगां को नहीं जानता," तो म्हणाला. "जिनिंग में मैंने देखा. बॉयलर का वॉल्व्ह खुला, तो फायरमन ने उसपे ईंट लटका दी. बोला, भाप फुकट जाती. वॉल्व्ह पे हात जाताइच नै, ऐसा होना."

"आणि सीलबंद वॉल्व्ह आतून अडकला तर कळणार कसं?"

"काय को अडकता? नवा है."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. मला ते तेव्हाही समजत होतं, म्हणून जास्तच चीड यायची. प्रकरण कॅप्टन साहेबांकडे गेलं. ते इंग्रज होते, वयानं आमच्या दोघांहून लहान. त्यांनी दोन्ही वॉल्व्ह हातात घेतले आणि खोक्यात किती आहेत ते विचारलं. एकट्या कुठल्याच जातीचे आठ भरत नव्हते.

"आधा-आधा," साहेब म्हणाले. "काम शुरू करो."

पाच नंबरच्या गाडीला सीलबंद वॉल्व्ह आला. त्या गाडीचा अटेंडंट लान्स नाईक सखाराम, जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा. शेतकऱ्याचा मुलगा, उंच, हसरा, कपाळावर लहानपणी बैलानं मारलेल्या शिंगाचा व्रण. गाडीशी बोलायची त्याला सवय होती. सकाळी इंजिन चालू करताना तिची समजूत काढायचा, संध्याकाळी टाकीवर थाप मारून तिला शाबासकी द्यायचा. आम्ही त्याची फार टिंगल करायचो. पण त्याच्या गाडीत कधी तेल कमी निघालं नाही, की टाकीच्या तळाला पाणी साठलेलं सापडलं नाही.

वॉल्व्ह बसवताना त्यानं मान वाकडी करून पाहिलं.

"हवालदारसाब, माझ्याच गाडीला कडी कामून न्हाई?"

"तेरे पे भरोसा है इसलिए," करीम खान म्हणाला.

सखाराम खूश झाला आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला.

खंडेनवमी आली. पलटणीत त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते. आमच्याकडे शस्त्रं म्हणजे लॉऱ्या, ड्रिलं आणि स्पॅनर. सगळ्या गाड्या धुऊन एका रांगेत उभ्या केल्या. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. सखाराम चार दिवसांच्या सुट्टीवरून आदल्या दिवशीच परत आला होता. त्यानं एका वाटीत तेलात शेंदूर कालवला आणि आठही गाड्यांना स्वतः लावला. बॉनेटला बोट, टाकीला बोट, स्विचच्या पेटीला बोट. वॉल्व्हला मात्र त्यानं पूर्ण माखलं, मारुतीला माखतात तसं.

"अरे, तिथं एवढा कशाला?" मी विचारलं.

"नाईकसाब, तुमीच म्हनलात न्हवं का, ह्यो राखनदार हाये म्हनून? मंग त्याचा मान जास्ती."

मी हसलो. करीम खान हसला. कॅप्टन साहेबांनी टोपी काढून प्रसाद घेतला. आमच्यापैकी कुणालाही त्यात काही गैर दिसलं नाही.

थंडी पडल्यावर पाच नंबरची गाडी वडीगोद्रीकडच्या कॅम्पावर गेली. विहिरीची काळी माती निघून गेली होती, खडक लागला होता. मजूर गावचेच घेतले होते आणि त्यांत माझा चुलतभाऊ विठ्ठलही होता. त्याला मीच लावून दिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि तोवर घरी बसून काय करणार, असं काकूच म्हणाली होती.

त्या दिवशी मी तपासणीसाठी छावणीतून तिथे गेलो. सकाळचं ऊन चढत होतं. लॉरी विहिरीच्या अगदी काठाशी उभी होती, पाठ विहिरीकडे, कारण रबरी नळी लांबीला कमी पडत होती. विहिरीत तिघं होते. आमचा एक सॅपर म्हणजे खोदकामाचा शिपाई, विठ्ठल आणि गावचाच आणखी एक मजूर. वर रहाटावर माणूस कमी होता म्हणून सखाराम दगडाची पाटी ओढायला मदत करत होता. मी थोडा दूर, वायरलेसच्या तंबूपाशी, ऑपरेटरशी बोलत उभा होतो.

ड्रिल थांबली. खालून सॅपरचा आवाज आला, "पहार बदलतो." वर नळीचा कॉक बंद झाला. म्हणजे हवा खर्च होणं थांबलं. आता टाकी भरणार, शंभरला स्विच वीज तोडणार आणि कॉम्प्रेसर गप्प होणार. हे दिवसातून कितीतरी वेळा होतं. मी बोलत राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की कॉम्प्रेसर गप्प झालेला नाही. उलट त्याचा आवाज जड झालाय, चढावर ओझं ओढणाऱ्या गाडीसारखा. आणि वॉल्व्हची शिट्टी नाही.

मी धावत सुटलो आणि ओरडलो, "सखाराम! इंजिन बंद!"

त्याच्याही कानावर तो आवाज गेला असावा, कारण मी ओरडायच्या आत त्यानं दोर दुसऱ्याच्या हातात दिला होता. तो केबिनकडे धावला. इंजिन बंद झालं. कॉम्प्रेसर थांबला. त्या शांततेत टाकीचा आवाज मला ऐकू आला, पत्रा ताणल्यावर येतो तसा. गेजचा काटा डायलच्या शेवटी जाऊन टेकला होता. टाकीच्या जोडांनी तेवढा दाब सोसावा अशी आमची अपेक्षाच नव्हती.

"मागं ये!" मी ओरडलो. "लांब हो!"

हुकूम तोच होता. टाकी फुटण्याच्या बेतात असेल तर माणसानं लांब व्हायचं, आडोसा घ्यायचा. सखाराम केबिनमधून उतरला आणि त्यानं विहिरीकडे पाहिलं. खालून विठ्ठल विचारत होता, "काय झालं रं?" टाकीचं एक तोंड, म्हणजे टोकाचं झाकण, थेट त्यांच्या डोक्यावर होतं. ते तिघं दोरानं वर यायला जेवढा वेळ लागणार होता, तेवढा नव्हता.

सखाराम लांब गेला नाही. तो टाकीखाली वाकला आणि पाणी काढायचा कॉक त्यानं दोन्ही हातांनी फिरवला. हवा किंचाळत बाहेर पडायला लागली. त्यानं माझ्याकडे बघून हात केला, की थांब, इकडे येऊ नको. मी थांबलो नाही, पण पोचलोही नाही.

टाकीचं विहिरीकडचं तोंड टिकलं. त्याच्याकडचं गेलं.

त्या स्फोटाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. विहिरीच्या काठावरून माती आणि दगड घरंगळत होते आणि खालून तिघांच्या हाका येत होत्या. विठ्ठलचा आवाज मी ओळखला. त्या क्षणी मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी ते बरं वाटणं मला सोसेना. दोन्ही एकदम झालं, अजून होतं.

वायरलेसवर मीच बोललो.

"जालना, जालना. पाच नंबर. टाकी फुटली. ओव्हर."

"पाच नंबर, कॅज्युअल्टी सांगा. ओव्हर."

"एक. लान्स नाईक सखाराम. ओव्हर."

"डॉक्टर पाठवू? ओव्हर."

"नको. ओव्हर."

मी माइक ऑपरेटरच्या हातात परत दिला.

टेंभुर्णीला तार गेली. सखारामचे वडील गणपतराव दुसऱ्या दिवशी आले. अंगात बंडी, डोक्याला पटका, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. छावणीच्या बाहेर दहन झालं, सलामी झाली. जाताना त्यांनी मला एकच विचारलं, "इहिरीतले वाचले का?"

"तिघंही, काका."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. विठ्ठल त्यांच्या पाया पडायला आला होता. त्यांनी त्याला उठवलं, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. पाच नंबरचा स्विच उघडला तर त्याचे दोन्ही कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते. दिवसभर राबणाऱ्या स्विचचं कधीतरी असं होतं. त्यासाठीच वॉल्व्ह असतो. तो वॉल्व्ह शेजारच्या ज्वारीत सापडला, अखंड, सील जागेवर. करीम खाननं सगळ्यांसमोर तो बाकावर बसवला आणि हातपंप मारायला लागला. एकशे पंधरा. काही नाही. एकशे चाळीस. काही नाही. पुढं पंप मारवेना तेव्हा त्यानं सील तोडलं आणि वॉल्व्ह खोलला.

आतली तबकडी बैठकीला चिकटली होती. कडेनं लाल, कडक पापुद्रा. करीम खाननं तो चाकूच्या टोकानं खरवडला, बोटांत चुरला, नाकाशी नेला. मग त्यानं चाकू खाली ठेवला.

"सिंदूर है," तो म्हणाला. "अलसी के तेल में. साब, जिनिंग में पाइप के जोड़ को हम लोग यही लगाते थे. सूख गया तो भाप भी नै निकलती."

अलसी म्हणजे आपलं जवस. शेंगदाण्याचं तेल असतं तर शेंदूर ओला राहिला असता, पुसला गेला असता. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. टोपीच्या भोकांतून ते आत ओघळलं होतं आणि टाकीच्या उष्णतेनं दोन महिन्यांत दगड झालं होतं. करीम खानला हे पूर्वीपासून माहीत होतं. मला माहीत होतं. पाइपाच्या जोडाला शेंदूर आम्ही दोघांनीही लावला होता. पण पूजेचा शेंदूर आणि जोडाचा शेंदूर एकच, हे पूजेच्या दिवशी आमच्या डोक्यात आलं नाही. देवाच्या वाटीकडे कुणी फिटरच्या नजरेनं बघत नाही.

बाकीचे तीन सीलबंद वॉल्व्ह त्याच दिवशी तपासले. एक पूर्ण अडकलेला होता, दोन उशिरा उघडले. कडीवाल्यांनाही शेंदूर तेवढाच लावलेला होता. पण त्यांची कडी रोज सकाळी ओढली जायची, त्यामुळे शेंदराला धरायला वेळच मिळाला नव्हता. ते चारही बरोबर एकशे पंधराला उघडले. करीम खान त्यानंतर वर्कशॉपच्या मागे जाऊन बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मी जिंकलो होतो म्हणायचं आणि मला त्या जिंकण्याची किळस आली.

नवा हुकूम निघाला. सीलबंद वॉल्व्ह काढून टाका. कडीवाले कुठूनही मागवा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक अटेंडंटनं नाईकासमोर कडी ओढायची. पूजा करायची तर हळदकुंकू, तेही फक्त बॉनेटला. निकालाचे कागद वर गेले. टेंभुर्णीला त्यातलं काही कळवलं गेलं नाही. मशीन बिघडून मृत्यू, एवढंच तारेत होतं.

पुढचा दसरा आला तोवर युद्ध संपलं होतं. कॅप्टन साहेब विलायतेला गेले होते. अर्धे अटेंडंट नवे होते. सात गाड्या धुऊन उभ्या केल्या होत्या आणि मी रांग बघत होतो, तेव्हा गेटवरचा संत्री एका म्हाताऱ्याला घेऊन आला. गणपतराव होते. वर्षभरात फार थकले होते. हातात तेलाची पितळी बुधली.

"राम राम, नाईकसाब. गाड्याची पूजा उद्या हाये न्हवं?"

"हो, काका. बसा."

"बसतो मंग. जवसाचं तेल आनलंय, घरचं. मागल्या साली सखाराम सुट्टीवर आल्ता तवा ह्याच बुधलीत घिऊन गेल्ता. म्हनला, बाबा, शेंदूर कालवायला लागतंय. मीच भरून दिल्तं."

करीम खान शेजारीच होता, त्यानं मान फिरवली. तेल ठेवून घ्यावं, त्यांना जेवू घालावं आणि नंतर ते गटारात ओतावं, असं माझ्या मनात आलं. म्हाताऱ्या माणसाला एवढी दया दाखवायला काय हरकत होती? मी बुधलीला हातही लावला.

गणपतराव म्हणाले, "एक इनंती हाये. ती हवा सोडायची चीज हाये न्हवं, सखाराम जिला राखनदार म्हनायचा, तिला यंदा जरा जास्ती लावा. मागल्या साली कमी पडलं आसंल."

मग मला सांगावंच लागलं. वर्षभर हा माणूस शेंदूर कमी पडला असं समजून झुरत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, जसं कोर्टापुढं सांगितलं होतं तसं. वॉल्व्ह कशानं अडकला. शेंदूर कुठून आत गेला. जवसाचं तेल सुकल्यावर काय होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी संपवलं तेव्हा ते बुधलीकडे बघत होते.

"त्याला ठावं व्हतं का?"

"नाही, काका. कुणाच्याच ध्यानात आलं नाही."

"तुमच्याबी न्हाई?"

"आमच्याही नाही."

"अन् तरी त्यो पळाला न्हाई."

"नाही. विहिरीत माणसं होती."

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. रडले नाहीत. मला वाटलं आता ते उठून जातील, किंवा मला शिव्या देतील, आणि शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्याऐवजी त्यांनी बुधली माझ्याकडे सरकवली.

"लंगरात द्या. खायला चांगलं हाये तेल."

रात्री ते छावणीतच राहिले. करीम खाननं आपली खाट त्यांना दिली. सकाळी कड्या ओढायची वेळ झाली, अटेंडंट गाड्यांजवळ उभे राहिले, तेव्हा ते माझ्यामागून येऊन थांबले. मी एका नंबरच्या गाडीजवळ गेलो. पोरानं कडी ओढली. फुस्स करून हवा गेली आणि त्यानं कडी सोडली.

"येवढंच?" गणपतरावांनी विचारलं.

"एवढंच, काका. रोज सकाळी."

"सखारामच्या गाडीला ही कडी न्हवती."

"नव्हती."

त्यांनी हात पुढे केला. त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गणपतरावांनी कडी धरली, सावकाश ओढली, हवेचा आवाज पूर्ण ऐकला आणि सोडली.

"ह्याला कायबी लावू नगा रं बाबा," ते त्या पोराला म्हणाले. "शेंदूर न्हाई, कुकू न्हाई, कायबी न्हाई."

पोरगा नवा होता, बीडकडचा. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "का हो बाबा?"

मी मध्ये बोलणार होतो, पण करीम खाननं माझा दंड धरला. गणपतराव त्या पोराला सांगायला लागले. त्यांचं पूर्ण होईपर्यंत मी पुढच्या गाडीकडे गेलो नाही. त्या सकाळी काम उशिरा सुरू झालं, आणि उशीर का झाला हे मी कुणाला कळवलं नाही. त्यांनी सातही गाड्यांच्या कड्या स्वतः ओढल्या आणि प्रत्येक अटेंडंटला सखाराम कोण होता ते सांगितलं.